पुंडलिक तामोऱ्याचा दाजी

बोईसरजवळच्या नवापुरात लग्नाची हळद असो नाहीतर होळीची रात्र, पुंडलिक तामोऱ्याला उभं केल्याशिवाय कार्य पुरं होत नसे. तो आढेवेढे घ्यायचा, मग टोपी कपाळावर ओढायचा, गुडघ्यांत जरासा वाकायचा आणि आवाज नाकात नेऊन म्हणायचा, “आलोच म्हणून समजा, पाटील! निघालो की कळवतो!”

एवढ्यावर लोक हसून गडाबडा लोळत. कारण तो आवाज हुबेहूब दाजी खडप्यांचा असे.

दाजी खडपे म्हणजे त्या काळात लोकनाट्यांतून गाजत असलेले विनोदी नट. गिरणगावातून त्यांची कंपनी निघाली आणि गावोगाव फिरली. पाटलाच्या आळशी गड्याचं त्यांचं काम रेडिओवरही लागायचं. पुंडलिकाने त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पालघरला, लग्नाला महिना झाला नव्हता तेव्हा. नवी नवरी घरात ठेवून तो दोस्तांबरोबर गेला आणि परत आला तो दाजींचा होऊनच. नंतर डहाणू, पालघर, विरार, जिथे म्हणून दाजींचा खेळ लागेल तिथे तो पोचायचा. वर्तमानपत्रातलं त्यांचं मिशी लावलेलं चित्र त्याने दाराच्या आतल्या बाजूला डकवलं होतं. भावाच्या होडीवर खलाशी होता तेव्हा जाळं टाकून बसल्या बसल्या तो मनातल्या मनात दाजींशी बोलायचा. भेटले तर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते ऐकून दाजी कसे चमकतील, मग हसून कसे खांद्यावर हात टाकतील, हे सगळं त्याने समुद्रावर पाठ केलं होतं.

पुढे तारापूरकडे अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं. पुंडलिक होडी सोडून तिथे लागला. दोरखंड, साखळ्या आणि कप्प्या लावून अवजड यंत्रं उचलणाऱ्या टोळीला तिथेही खलाशीच म्हणत, त्यामुळे त्याचा हुद्दा बदलला नाही, फक्त पायाखालचं पाणी गेलं. टोळीत नाना मुलखांची माणसं होती. मराठी न समजणारे बिहारी आणि मद्रासीसुद्धा त्याच्या दाजीला हसत. पुंडलिकाला त्याचा फार अभिमान होता. दाजी खडपे जगाचे असतील, पण या पट्ट्यात ते त्याचे होते.

त्याची बायको जमना दातिवऱ्याची. ती नवापूरहून माशांची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. घरात तिचं बोलणं कामापुरतं. भात वाढू का, पोरीला ताप हाय, मीठ संपलं. पुंडलिक दाजीची नक्कल करायचा तेव्हा ती एकदा हसायची आणि चुलीकडे वळायची. तिला विनोदाचं अंग नाही, असं पुंडलिकाचं मत होतं आणि ते त्याने चारचौघांत सांगितलंही होतं.

सहासष्ट सालच्या थंडीत कामगारांच्या मनोरंजनासाठी बोईसरला दाजींची कंपनी येणार असं ठरलं. खेळ रविवारी होता, दिवेलागणीला. पुंडलिक आठवडाभर जमिनीवर नव्हता. रविवारी दुपारी तो तांब्यात निखारे घालून सदऱ्याला इस्त्री करत बसला होता, तेवढ्यात जमना बाजारातून आली. रोजच्यापेक्षा बराच उशीर झाला होता.

“आज का एवढा येळ?” त्याने विचारलं.

“एक येडा मानूस भेटला,” जमना रिकामी पाटी भिंतीला टेकवत म्हणाली. “सरंगा घ्यायला आला नि बसूनच राह्यला. साखरबायची पाटी पालथी घातली नि त्याच्यावर बसला. उठंच ना.”

“दारू प्यालेला?”

“नाय. चांगला व्हता. टकल्या, चष्मा लावलेला. म्हनाला, मी नाटकातला. संध्याकाळी माजं काम हाय, बगायला ये.”

पुंडलिकाचा तांब्या सदऱ्यावर तसाच राहिला. “नाव काय सांगितलंन?”

“खडपे का कायतरी.”

सदऱ्याचा वास यायला लागला तेव्हा पुंडलिकाने तांब्या उचलला. पाठीवर तांब्याएवढा पिवळा डाग पडला होता.

“दाजी खडपे?” तो म्हणाला. “दाजी? आपल्या दारावरचा?”

जमनाने दाराकडे पाहिलं. “त्याला मिशी हाय. याला नव्हती.”

मग पुंडलिकाने तिला समोर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. ते आले कुठून? आधी काय बोलले? कसे बसले? जमनाला धड काही आठवेना. माशाचं बोलत होते म्हणाली. कोकणातलं मानूस, माशातलं कळतंय म्हणाली.

“शब्द सांग, शब्द!” पुंडलिक ओरडला.

“आता शब्द काय सांगू? त्यानं सरंगा उलटासुलटा केला, भाव सांगितलान, मग इचारलान, बाय, हा मासा मेला कधी? मी म्हनलं, आता तुमी भाव सांगितलात ना, तवा.”

“मग?”

“मग हसला. चष्मा काढून डोले पुसलान. नि बसला.”

जमना उठून पोरांना जेवायला वाढायला गेली. पुंडलिक तिथेच बसून राहिला. दाजी खडप्यांना हसवावं, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसवावं, हे त्याने जन्मभर उराशी धरलेलं स्वप्न होतं. ते या बाईच्या पाटीत आपसूक येऊन पडलं होतं आणि तिने ते माशाच्या पाण्याबरोबर ओतून दिलं होतं. तिला आनंदसुद्धा झाला नव्हता, ही गोष्ट त्याला सगळ्यांत जास्त झोंबली. तो जेवायला बसला. समोर ती शांतपणे बोंबलाचा काटा काढत होती. ज्या कानांनी दाजींचं बोलणं ऐकलं त्या कानांत तिने बोट घालून खाजवलं, तेव्हा तो ताटावरून उठला.

संध्याकाळी मैदान गच्च भरलं होतं. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया. पुंडलिक आपल्या टोळीतल्या देवूबरोबर अगदी पुढे बसला होता. जमनाही बाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या साखरबाईसोबत आली होती. बोलावणंच होतं तिला.

दाजी मिशी लावून, टोपी पुढे ओढून आले. शिट्ट्या झाल्या. पुंडलिक हळूहळू दुपारचं विसरायला लागला होता. आणि मग पाटलाने गड्याला विचारलं, “काय रे सदू, तुझा बाप कधी मेला?”

दाजी जरा थांबले. “तुम्ही माझा पगार सांगितलात ना मालक, तेव्हाच!”

मैदान फुटलं. पगारावर जगणारी माणसं ती, हसता हसता एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालायला लागली. दाजींनी हात वर केले, टोपी काढली आणि म्हणाले, “मंडळी, हे वाक्य माझं नाही हो. सकाळी तुमच्या बाजारात एका बाईने माशावरून मला ऐकवलं, आणि ती सांगेल त्या भावाने सरंगा घेऊन परत आलो.”

बायांच्या बाजूने साखरबाई उभी राहिली. “जमना! आमची जमना हाय ती! नवापूरची!”

माना वळल्या. देवूने पुंडलिकाला ढोसलं, “अरे तुझी बायको! तुझी बायको रे!” पुंडलिक मान हलवून हसल्यासारखं करत होता. पण त्यानंतर खेळ संपेपर्यंत त्याला एकदाही खरं हसू आलं नाही. दाजी समोर होते, दहा हातांवर, आणि त्याला ते दुसऱ्याच्या घरी पंगतीला बसलेल्या सोयऱ्यासारखे वाटत होते.

खेळ संपल्यावर तो देवूला घेऊन कनातीमागे गेला. कितीही झालं तरी आजचा दिवस सोडायचा नव्हता. दाजी बनियनवर बसून खोबरेल तेलाने तोंडाचा रंग पुसत होते. भोवती दहा-बाराजण होते. पुंडलिकाची पाळी आली. पाठ केलेलं पहिलं वाक्य त्याच्या डोक्यातून पार निघून गेलं होतं. मग त्याने एकदम टोपी ओढली, गुडघ्यांत वाकला आणि दाजींच्याच आवाजात म्हणाला, “आलोच म्हणून समजा, पाटील! निघालो की कळवतो!”

लोक हसले. दाजींनी मान वर केली. “छान करतोस. गावोगावी एकेक असतो असा,” ते म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

पुंडलिक बाजूला झाला. त्याला कोणी मारलं असतं तरी चाललं असतं. इतक्यात देवू मागून म्हणाला, “दाजी, ती सकाळची मासेवाली, जमना. तिचा घरवाला हाय हा.”

दाजींचा तेलाचा हात थांबला. “अरे, मग आधी नाही का सांगायचं! बस, बस इथे.” त्यांनी ट्रंक पुढे ओढली, चहा मागवला. पुंडलिक दाजी खडप्यांच्या शेजारी बसला. गुडघ्याला गुडघा लागत होता.

“घरातही अशीच बोलते का रे?” दाजींनी विचारलं.

“हो. अशीच,” पुंडलिक म्हणाला.

“आणि ती ओव्हरसियरच्या बायकोची नक्कल! नाक दाबून, माशाला बोट न लावता भाव करते ती! अरे, मी एवढी वर्षं हा धंदा करतोय, पण ते नाक दाबून बोलणं… तू बघितलीच असशील.”

“बघितलीय.”

“आणि तिच्या बापाचं? दातिवऱ्याच्या खाडीत कोळी समजून भुताकडेच तंबाखू मागितली ते?”

“हो हो,” पुंडलिक म्हणाला. त्याच्या सासऱ्याचं असं काही झालं होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात ते त्याच्या कानावर आलं नव्हतं. एका सरंग्यापायी ते या परक्या माणसाला मिळालं होतं. आता त्याला दोन बाजूंनी जळायला लागलं. दाजी तिला मिळाले म्हणून, आणि ती दाजींना मिळाली म्हणून.

चहा संपला. दाजी म्हणाले, “उद्या सकाळच्या गाडीने आम्ही निघतोय. त्याआधी मी बाजारात येतो. तिला म्हणावं ये. ती ओव्हरसियरीण मला एकदा नीट बघून घ्यायची आहे. सांगशील ना?”

“सांगतो की.”

परतताना गावातल्या लोकांबरोबर चालता चालता जमनाने विचारलं, “भेटला का तुमचा दाजी?”

“भेटला.”

“काय म्हनाला?”

“काय नाय. गर्दी व्हती.”

सोमवारी जमना बाजाराला जायची नाही. त्या दिवशी ती किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत घालायची. सकाळी पुंडलिक कामावर निघाला तेव्हा ती बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून बांबूवर टाकत होती. तो तिच्या शेजारून गेला. थांबला. अजून वेळ होती, एसटी मिळाली असती. जमनाने मान वर करून पाहिलं.

“काय इसरलं?”

“काय नाय,” तो म्हणाला आणि चालू लागला.

संध्याकाळी साखरबाई घरी आली तीच तोंड सोडत. “काय ग, तुला मोठेपणा आला काय? तो बिचारा येऊन बसला व्हता. गाडीची येळ झाली तरी उठंना. तुज्या नवऱ्याकडं निरोप दिलाय म्हनाला.”

साखरबाई गेल्यावर जमना पुंडलिकासमोर येऊन उभी राहिली. “निरोप व्हता?”

“इसरलो,” पुंडलिक म्हणाला.

“इतकी वर्सं त्याचा एक शब्द तुमी इसरला नाय,” जमना म्हणाली. “हाच बरा इसरला.”

ती भांडली नाही. पुंडलिकाला वाटलं होतं भांडेल, रडेल, मग आपणही आवाज चढवू. तसं काही झालं नाही. घरात ती आधीही कामापुरतंच बोलत होती, आता त्यातलंही निम्मं गेलं. पुंडलिक तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. या तोंडात ओव्हरसियरीण आहे, बाप आहे, भूत आहे, आणखी कोण कोण आहे, आणि आपल्याला त्यातलं कोणीही भेटत नाही, या विचाराने त्याला झोप येईनाशी झाली.

देवूच्या भावाच्या हळदीला लोकांनी नेहमीप्रमाणे त्याला उभं केलं. त्याने दाजी केला. हसले लोक. पण मग पाठीमागून कोणीतरी ओरडलं, “आता जमनाला बोलवा!” आणि बाया तिला ढकलायला लागल्या. “मला नाय येत,” म्हणून ती घरी निघून गेली. पुंडलिकाने टोपी खिशात घातली. त्यानंतर कितीतरी दिवस त्याने नक्कल केली नाही.

मग सुट्टीच्या एका दिवशी, घरात कुणाला न सांगता, तो बोईसरच्या बाजारात गेला. मासळीच्या रांगेमागे सुतळी-दोरखंडाचं दुकान होतं, त्याच्या आडोशाला उभा राहिला. गिऱ्हाईक ओसरलं होतं. जमना पाटीमागे बसून बोलत होती आणि रांगेतल्या बाया हसून वाकल्या होत्या. तिने पदराने नाक दाबलं, मान मागे नेली, करंगळी माशापासून वीतभर लांब ठेवली, आणि एक साहेबीण तिथे येऊन बसली. पुंडलिकाच्या तोंडून हसू फुटणार होतं, ते त्याने दातांखाली दाबलं.

“आता तुजा घरवाला कर!” साखरबाई म्हणाली.

जमना उभी राहिली. तिने खांदे पाडले, नजर जमिनीवर टाकली, टोपी नसताना टोपी चाचपली आणि ओठ नीट न उघडता म्हणाली, “इसरलो.”

बाया टाळ्या पिटायला लागल्या. पुंडलिकाच्या कानांच्या पाळ्या पेटल्या. निघून जावं असं वाटलं. पण त्याचे पाय हलले नाहीत, कारण त्याला ते आणखी एकदा बघायचं होतं. शब्द बोलायच्या आधी ती टोपी चाचपते. आपण खरंच चाचपतो. जमलंय. आपला दाजी वरवरचा, नुसता आवाज. हिचं आतून येतं. हे त्याला आजवर कुणी शिकवलं नव्हतं आणि आता शिकावं लागत होतं, तेही मासळीच्या रांगेमागे लपून.

तो पुढे आला. बाया गप्प झाल्या. जमना त्याच्याकडे बघत राहिली.

“माजं चुकलं,” पुंडलिक सगळ्यांसमोर म्हणाला. “मी तुजा निरोप खाल्ला.”

“पचला काय?” जमना म्हणाली.

रांगभर हसण्याची लाट गेली. पुंडलिकही हसला, पण हसता हसता त्याच्या मनात आलं, बघ, हेसुद्धा हिला लगेच सुचलं.

पुढे दोन वर्षांनी दाजींची कंपनी पालघरला आली. या वेळी पुंडलिक जमनाला घेऊन गेला. खेळात तो स्टेजकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होता. ती भलत्याच ठिकाणी हसायची. मग त्याला कळायचं की तिथेच खरं हसायचं होतं. त्या माशाची आता गाय झाली होती. पाटलाने विचारलं, गाय कधी मेली, आणि दाजी म्हणाले, तुम्ही भाव सांगितलात तेव्हा. टाळ्या पडल्या. बोईसरच्या बाजाराचं नाव या वेळी आलं नाही.

खेळ संपल्यावर पुंडलिकाने तिला पडद्यामागच्या दारापर्यंत नेलं. “जा,” तो म्हणाला. “मी हितं थांबतो.”

तो बाहेर उभा राहिला. आता आतून दाजींचं हसणं ऐकू येईल, ट्रंक ओढल्याचा आवाज येईल, चहा मागवतील, असं त्याला वाटत होतं. हे आपण आपल्या हाताने तिला दिलं, याचं समाधान होतं आणि तरी तिचा हेवा वाटायचा तो वाटतच होता. पण जमना लगेच बाहेर आली.

“काय झालं?”

“वळखलं नाय. बरं बरं म्हनाला,” ती म्हणाली. “किती मानसं भेटतात त्याला.”

पुंडलिकाला पहिल्यांदा झाला तो आनंद. अगदी लख्ख आनंद. हिलाही नाही ओळखलं! आणि तो आनंद पुरता होतो न होतो तोच त्याने तिचं तोंड पाहिलं. नवं लुगडं नेसून आली होती ती. त्याला एकाएकी असा राग आला की तो दार ढकलून आत गेला.

दाजी तेलाने रंग पुसत होते. थकलेले दिसत होते, पूर्वीपेक्षा म्हातारे.

“दाजी, आता जी बाय आली ती बोईसरची जमना,” पुंडलिक म्हणाला. “मासेवाली. तुमी तिच्या पाटीशी येऊन बसला व्हता. मासा कधी मेला, ते तिचं हाय.”

“कुठलं?” दाजींनी कपाळाला आठ्या घातल्या. “गाईचं होय? नाही रे बाबा. ते माझं जुनं आहे. फार जुनं.”

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

“नाय,” पुंडलिक म्हणाला. आवाज त्याचा स्वतःचा होता, दाजींचा नव्हे. “मी पुढं बसलेलो. तुमी टोपी काढून सांगितलं व्हतं, हे माजं नाय. टोपी काढली व्हती तुमी.”

दाजी त्याच्याकडे बघत राहिले. एवढं सरळ त्यांनी पुंडलिकाकडे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, “काढली असेन बाबा. तुझी बायको का ती?”

“हो.”

“बाहेर आहे?”

“हाय. पन आमची गाडी हाय आता,” पुंडलिक म्हणाला आणि नमस्कार करून बाहेर पडला.

पालघरच्या फलाटावर दोघं गाडीची वाट बघत बसली होती. जमनाने शेंगदाण्याची पुडी उघडली. आत इतका वेळ काय करत होता, असं तिने विचारलं. पुंडलिकाने सांगितलं, काही न गाळता. मग तिने कपाळाला आठ्या घातल्या, रंग पुसल्यासारखा गालावरून तळवा फिरवला आणि थकलेल्या, जाड आवाजात म्हणाली, “माझं जुनं आहे रे बाबा. फार जुनं.”

शेजारच्या बाकावरचा एक म्हातारा दचकून वळला. पुंडलिक हसला, ठसका लागेपर्यंत हसला. इतकी वर्षं राबून जो दाजी त्याच्या हाती लागला नव्हता तो हिने दोन घटकांत उचलला होता, आणि तोही मिशी नसलेला.

“पुन्हा कर,” तो म्हणाला. ठसक्याने डोळ्यांत पाणी आलं होतं आणि छातीत जळतही होतं.

“गाडी आली,” जमना म्हणाली आणि पुडी गुंडाळून उठली.